लोकमान्यांचा तुरुंग आणि तुरुंगातल्या सवलती

गेल्या वर्षी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आपल्या मंडळात मुलांची प्रश्नमंजूषा झाली. लोकमान्य टिळकांना कुठल्या तुरुंगात ठेवले होते, असा प्रश्न आला. मंडाले हे उत्तर आले, टाळ्या पडल्या. मग अकरावीतला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने उलट प्रश्न केला. टिळकांना तुरुंगात स्वयंपाकी होता, मेज-खुर्ची होती, शेकडो पुस्तके होती, असे त्याने कुठेतरी वाचले होते. असे असेल तर त्यांना शिक्षा ती कसली झाली, असे त्याला विचारायचे होते. पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या चढल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या वहिनींनी घड्याळाकडे बोट दाखवून पुढचा प्रश्न घेतला.

आम्हा स्मरणिकेच्या संपादक मंडळींना मात्र तो प्रश्न डाचत राहिला. मुलगा उद्धट नव्हता. आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी कुणालाच त्याचे नीट उत्तर तिथल्या तिथे देता आले नसते. टिळकांची तसबीर आपल्या घराघरांत आहे. पैनगंगेच्या अलीकडे येऊन आपल्या कित्येक घराण्यांना चार-पाच पिढ्या झाल्या. आजोबा निजामाच्या राज्यात वाढले, वडील आंध्र प्रदेशात, मुले तेलंगणात वाढत आहेत. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी अशी आपली तऱ्हा. इतक्या उलथापालथीत जी थोडी खूण टिकली त्यात हा उत्सव आणि ती तसबीर. पण तसबिरीतल्या माणसाने तुरुंगात काय खाल्ले, कशावर लिहिले, त्याला काय मिळाले आणि दुसऱ्यांना काय मिळाले नाही, हे आपण कधी विचारले नव्हते. म्हणून या वर्षी त्याच धाग्याने त्यांचे चरित्र सांगतो.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 चा, रत्नागिरीचा. पुण्यात शिक्षण, मग न्यू इंग्लिश स्कूल, मग 1881 मध्ये केसरी आणि मराठा. हे सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. तुरुंगाशी त्यांची पहिली गाठ पडली ती या वृत्तपत्रांमुळेच, आणि तीही वयाच्या अवघ्या पंचविशी-सव्विशीत. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना छळले जात आहे अशा बातम्या आणि त्यासंबंधीची पत्रे दोन्ही पत्रांत छापली गेली. कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि 1882 च्या जुलैपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत दोघे मुंबईच्या डोंगरी तुरुंगात राहिले. सूट मिळून 101 दिवसांनी सुटले. आगरकरांनी पुढे या दिवसांवर पुस्तक लिहिले. दोघे मित्र रात्री-बेरात्री इतक्या चढ्या आवाजात वाद घालत की पहारेकऱ्यांना येऊन गप्प करावे लागे. पुढे या दोघांचे रस्ते फुटले, हे लक्षात घेतले की त्या कोठडीतल्या वादांची गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. त्या काळच्या कायद्यात राजकीय कैदी असा वर्गच नव्हता. शिक्षा झालेला माणूस चोर असो, खुनी असो की संपादक असो, तुरुंगाच्या दारात तो फक्त कैदी. साधी कैद आणि सक्तमजुरी एवढा फरक होता. साध्या कैदेत सक्तीचे काम नसे, सक्तमजुरीत असे. 1894 च्या तुरुंग कायद्यानुसार खटला चालू असलेल्या किंवा दिवाणी कैद्याला बाहेरून अन्न-कपडा आणता येई. शिक्षा लागली की ती सोय संपली. युरोपियन कैद्यांना मात्र वेगळा आहार आणि वेगळी जागा, हे ठरलेलेच होते. आणि एक तिसराही प्रकार होता, राजकैद्यांचा. 1818 च्या रेग्युलेशनखाली सरकार कुणालाही खटल्याशिवाय अडकवून ठेवू शके, पण अशा माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला त्याच्या दर्जानुसार भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. म्हणजे ज्याचा गुन्हा सिद्धच केला नाही त्याला मानाने ठेवायचे, आणि लेख लिहिल्याबद्दल ज्याला शिक्षा झाली त्याला काथ्या कुटायला बसवायचे.

हे काथ्याचे काम टिळकांच्या वाट्याला 1897 साली आले. पुण्यात प्लेग, रँडचा कडक कारभार, 22 जूनच्या रात्री रँडवर गोळी. त्यानंतर केसरीतल्या लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची, नऊ जणांची ज्यूरी, सहा विरुद्ध तीन असा कौल. 14 सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी. टिळक त्या वेळी मुंबई कायदे मंडळाचे सभासद होते. एका संध्याकाळी ते नामदार होते, आणि त्याच रात्री डोंगरीत कैद्याच्या कपड्यांत.

त्यांचे हाल झाले ते मुख्यतः अन्नाचे. तुरुंगातल्या कालवणात कांदा-लसूण असे, आणि त्यांनी जन्मात तो खाल्लेला नव्हता. जाडीभरडी भाकरी पाण्याशी खायची, एवढेच राहिले. वजन झपाट्याने उतरले. आजच्या मुलांना हा नखरा वाटेल. आपल्याच घरात चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी आजी असेल तिला विचारावे, भूक लागली तरी तो घास घशाखाली का उतरत नाही. पण हेही कबूल केले पाहिजे की त्याच तुरुंगात त्याच भाकरीवर शेकडो माणसे जगत होती, आणि त्यांची वजने किती उतरली हे कुणी वर्तमानपत्रात छापत नव्हते. टिळकांच्या प्रकृतीची चर्चा झाली, कारण ते टिळक होते. त्यांना डोंगरीतून भायखळ्याला आणि मग येरवड्याला हलवले गेले, आहारात थोडा फरक केला गेला.

येरवड्याच्या त्या मुक्कामात घडलेली एक गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते. रँडच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेले दामोदर चापेकर त्याच तुरुंगात होते. टिळकांनी त्यांना आपली गीतेची प्रत दिली आणि 18 एप्रिल 1898 ला दामोदरपंत ती हाती घेऊन फासावर गेले, असे सांगतात. एकाच भिंतीच्या आत दोन कैदी, एकाला वाचायला पुस्तके मिळत होती, दुसऱ्याचे दिवस भरत आले होते.

पुस्तके कशी मिळाली, हे पाहण्यासारखे आहे. टिळकांनी 1893 मध्ये वेदांच्या प्राचीनतेवर ओरायन नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता आणि त्यामुळे युरोपातल्या संस्कृत पंडितांत त्यांचे नाव झाले होते. ऑक्सफर्डचे मॅक्स म्युलर यांनी आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांना तुरुंगात पाठवली. सरकारने ती आणि आणखी काही पुस्तके वाचू दिली आणि रात्री काही तास दिवाही दिला. दिवा ही सवलत आज हास्यास्पद वाटेल. पण संध्याकाळी कोठडीला कुलूप लागले की सकाळपर्यंत काळोख, असे महिनोन्महिने काढणाऱ्या वाचणाऱ्या माणसाला त्या दिव्याची किंमत विचारावी. त्या दिव्याखाली जे वाचले, त्यातून आर्यांचे मूळ वसतिस्थान ध्रुवप्रदेशात असावे हा विचार पक्का झाला आणि 1903 मध्ये त्यावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. सिद्धांत आज फारसा कुणी मानत नाही. प्रस्तावनेत मात्र टिळकांनी मॅक्स म्युलरचे आणि त्या दिव्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. सवलत मिळाली हे त्यांनी कधी लपवले नाही. आपण का लपवावे?

मॅक्स म्युलर, विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त आदींनी टिळकांच्या सुटकेसाठी अर्ज केला. 6 सप्टेंबर 1898 च्या रात्री ते मुदतीआधी सुटले, पण अटींवर. सुटकेच्या आनंदाच्या सत्कार-समारंभांत भाग घ्यायचा नाही, आणि पुन्हा राजद्रोह केला तर माफ केलेले सहा महिने भोगावे लागतील. टिळकांनी या अटी मान्य केल्या. काही भाविक चरित्रकार इथे घाईघाईने पान उलटतात. आम्हाला त्यात कमीपणा दिसत नाही. खचलेल्या प्रकृतीच्या माणसाने बाहेर येऊन काम करायचे ठरवले. आणि पुढे दहा वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली तेव्हा त्यांनी आपले लिखाण मवाळ केलेले नव्हते, हे पुरेसे आहे.

1908 ची हकीकत थोडक्यात. मुझफ्फरपूरचा बाँब, त्यावरचे केसरीतले लेख, 24 जूनला मुंबईत अटक. न्यायमूर्ती होते दिनशा दावर, म्हणजे 1897 मध्ये टिळकांच्या जामिनासाठी ज्यांनी वकिली केली तेच. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि एकवीस तासांवर भाषण केले. सात विरुद्ध दोन. 22 जुलैला रात्री दहाच्या सुमारास सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला. लष्कराने गोळ्या घातल्या, माणसे मेली, कित्येकांना पकडून शिक्षा झाल्या. त्यांच्यासाठी ऑक्सफर्डहून कुणी पुस्तके पाठवली नाहीत. त्यांची नावेसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत.

टिळकांना आधी साबरमतीला नेले. तिथे पुन्हा कैद्यांचे अन्न, पुन्हा वजनात घट. आधीच मधुमेह जडलेला. मग सरकारने अंदमानाचा बेत सोडून शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत केले आणि सप्टेंबरमध्ये जहाजाने रंगूनला, तिथून मंडालेला रवाना केले. दया म्हणून हे केले असे समजण्याचे कारण नाही. टिळक तुरुंगात दगावले तर काय होईल याचा अंदाज मुंबईच्या सहा दिवसांनी सरकारला दिला होता. जिवंत ठेवायचे पण देशापासून दूर, जिथे त्यांची भाषा कुणाला कळणार नाही आणि भेटायला जायचे तर समुद्र ओलांडावा लागेल, असा तो हिशेब होता.

मंडाले हे ब्रह्मदेशाच्या राजांचे शहर. शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये तिथून उचलले आणि ठेवले कुठे, तर रत्नागिरीत! त्याला पेन्शन, नोकरचाकर, आणि शेवटी समुद्राकडे तोंड करून बांधलेला राजवाडा. रत्नागिरीत जन्मलेला माणूस थिबाच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, आणि किल्ल्याचा धनी रत्नागिरीच्या वाड्यात, असे काही वर्षे एकाच वेळी चालले. थिबा 1916 मध्ये रत्नागिरीतच वारला. राजवाडा मिळाला, पण घरी जायला मिळाले नाही. नातेवाइकांकडे कोकणात जाणाऱ्यांनी तो वाडा बघितला असेल, पण मंडालेशी त्याचा संबंध क्वचितच कुणी मुलांना सांगते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. मंडालेला टिळकांना काय मिळाले? लाकडी बराकीच्या वरच्या मजल्यावर सुमारे वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी खोली. खाली अंगण, भोवती उंच विटांची भिंत. मेज, खुर्ची, पुस्तके ठेवायला मांडणी. रांधायला एक मराठी ब्राह्मण कैदी. बाहेरून पैसे आणि जिन्नस मागवण्याची मुभा. ही यादी वाचली की शिक्षा कसली, असे वाटणे साहजिक आहे.

पण खोलीच्या भिंती म्हणजे लाकडी फळ्या आणि गज. मंडालेचा उन्हाळा आपल्या आदिलाबादच्या उन्हाळ्याचा भाऊ आहे. आपण इथे मे महिन्यात दुपारी दारे-खिडक्या लावून, कूलर चालवून बसतो. तिथे लावायला दारेच नव्हती. ऊन, धूळ, पाऊस आणि थंडीतले वारे सरळ आत येत. 1925 मध्ये सुभाषचंद्र बोस यांना त्याच तुरुंगात आणून ठेवले तेव्हा त्यांनी टिळकांची जागा पाहून न. चिं. केळकरांना पत्र लिहिले. अशा पिंजऱ्यात, मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने, एकट्याने सहा वर्षे काढून गीतेवर ग्रंथ लिहिणे म्हणजे काय, याचे त्यांना अपार आश्चर्य वाटले होते. सुभाषबाबू स्वतः त्या हवेत खंगत होते, तेव्हा त्यांच्या साक्षीला वजन आहे.

एकट्याने, हा शब्द महत्त्वाचा. टिळकांना इतर कैद्यांत मिसळू दिले नाही. वर्तमानपत्र नाही. घरच्यांना पत्रे मोजकी, ती तपासून जाणार, राजकारणाचे अक्षर नाही. भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेल्या पत्रांतून घरखर्च, मुलांचे शिक्षण, खटल्याची अपिले आणि पुस्तकांच्या याद्या एवढेच येते. अपिलासाठी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे विलायतेला जाऊन जवळजवळ दोन वर्षे खटपट करत राहिले. आपल्या वऱ्हाडच्या माणसाचा हा चिवटपणा कुणी फारसा सांगत नाही. हाती काही लागले नाही.

पुस्तकांचेही असेच. सुरुवातीला एका वेळी चारच पुस्तके जवळ ठेवता येतील असा नियम लावला. टिळकांनी ब्रह्मदेश सरकारकडे तक्रार केली, मग सगळी ठेवू दिली. सुटतेवेळी ती साडेतीनशे-चारशे झाली होती. लिहायला सुटे कागद मिळत नसत. बांधीव वह्या मिळत, त्यांची पाने मोजलेली आणि दोन्ही बाजूंना आकडे घातलेले. पान फाडून चिठ्ठी बाहेर जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त. शाई नाही. पेन्सिल, तीही टोक काढून दिलेली, म्हणजे हातात चाकू नको. गीतारहस्याचा सगळा खर्डा 1910-11 च्या हिवाळ्यात असा लिहिला गेला. छापील ग्रंथ उचलून बघा, हाताला वजन लागते. ते सगळे पेन्सिलीने, आकडे घातलेल्या पानांवर. मधल्या वेळात जर्मन, फ्रेंच आणि पाली शिकले, कारण त्या भाषांतले ग्रंथ वाचायचे होते आणि शिकवायला कुणी नव्हते.

आम्हाला यातून एक गोष्ट ध्यानात आली. टिळकांनी मागितले काय, ते बघावे. मऊ गादी मागितल्याचे कुठे दिसत नाही. प्रकृतीला चालेल असे अन्न, पुस्तके, वही, एवढेच. मधुमेहासाठी भात सोडून जव-गव्हावर राहिले. आणि प्रत्येक गोष्टीसाठी अर्ज. सरकारने दिलेली प्रत्येक सवलत अर्ज केल्यावर दिलेली, आणि मनात आले तर काढून घेता येईल अशी. हक्क म्हणून काही नाही, सारे मेहेरबानी म्हणून.

आता त्या स्वयंपाक्याबद्दल. वासुदेव रामराव कुलकर्णी हे सातारकडचे, दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याखाली शिक्षा झालेले कैदी. टिळकांचे जेवण करायला म्हणून त्यांना मंडालेला नेले. पुढे त्यांनी त्या दिवसांच्या आठवणी सांगितल्या आणि मंडालेच्या खोलीतले टिळक आपल्याला दिसतात ते बरेचसे त्यांच्या डोळ्यांनी. पहाटेचे ध्यान, नंतर लेखन-वाचन, जेवताना चिमण्या निर्धास्तपणे अंगाखांद्यावर येऊन बसत, ही आठवण सुद्धा तिकडचीच. कैद्याला कैद्याकडून जेवण मिळावे आणि तो जातीने ब्राह्मणच असावा, हे सरकारला त्या वेळी अगदी रीतसर वाटले. तुरुंगाचे नियम माणसाची जात आणि दर्जा पाहूनच चालत. आज हे खटकते आणि खटकायला हवे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर कुलकर्ण्यांच्या सक्तमजुरीत चूल आली, हीदेखील त्यांच्यापुरती सवलतच. आणि टिळकांना त्या सहा वर्षांत मराठी बोलायला जे थोडे मिळाले ते या माणसामुळे. घरापासून हजारो मैलांवर आपली भाषा बोलणारे एक माणूस असणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

सत्यभामाबाईंचे निधन 7 जून 1912 ला पुण्यात झाले. तार मंडालेला आली. शेवटची भेट नाही, दहावे-तेरावे नाही. एकेचाळीस वर्षांचा संसार होता. मेज-खुर्चीच्या यादीशेजारी ही तार ठेवून मग त्या मुलाने शिक्षेचा हिशेब करावा, असे आम्हाला वाटते. पतीच्या तुरुंगवासात त्या बाईंनी घराबाहेर पाऊल टाकले नाही, अंगावर भारी वस्त्र घेतले नाही, असे सांगतात. त्यांची कैद कुठल्याच कायद्यात बसणारी नव्हती.

1914 च्या जूनमध्ये टिळकांना मंडालेहून गुपचूप हलवले आणि 16 तारखेच्या मध्यरात्री पुण्यात गायकवाड वाड्याच्या दारात आणून सोडले. वह्या सरकारने ठेवून घेतल्या होत्या. त्या परत मिळतात की नाही याची मित्रांना धास्ती. टिळक निवांत होते, ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढीन, असा त्यांचा भाव होता. वह्या आल्या आणि 1915 मध्ये गीतारहस्य प्रसिद्ध झाले.

पुढचे होमरूल, लखनौ, विलायतेचा खटला हे सगळे सोडून देतो. 1 ऑगस्ट 1920 ला मुंबईत ते गेले.

पण त्याच सहा वर्षांत दुसऱ्यांचे काय चालले होते, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होत नाही. नाशिकचे बाबाराव सावरकर यांना 1909 मध्ये जन्मठेप काळे पाणी झाले. मुख्य आरोप होता कविता छापल्याचा. टिळकांचाही गुन्हा लेखनाचाच. बाबारावांना अंदमानला नेले, तिथे कोलूला जुंपले, तेल काढायला लावले. त्यांचे धाकटे बंधू विनायकराव 1911 मध्ये तिथेच आले. आकडे घातलेली वही त्यांच्या नशिबी नव्हती, कोठडीच्या भिंतीवर कविता लिहाव्या लागल्या. एकाच काळात, एकाच राजवटीत, एकाच प्रकारच्या गुन्ह्याला असे दोन तुरुंग. फरक पडला तो नावलौकिकाने, वयाने, आणि बाहेर कोण किती आवाज करील याच्या सरकारी अंदाजाने.

मंडालेतली आणखी एक लढाई आपल्या उत्सवाशी जवळची आहे. सुभाषबाबू आणि त्यांच्या बरोबरच्या बंगाली राजकैद्यांनी 1925 मध्ये तुरुंगात दुर्गापूजा केली. पूजेचा खर्च द्यायला सरकारने नकार दिला. ख्रिस्ती कैद्यांच्या सणाला पैसे मिळतात आणि आमच्या पूजेला नाही, असे म्हणत 1926 च्या फेब्रुवारीत त्यांनी अन्नत्याग केला आणि भत्ता पदरात पाडून घेतला. रक्कम किरकोळच होती. वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट विशेष आवडेल.

सरकारने कैद्यांचे वर्ग पाडले ते त्यानंतर. लाहोरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांना माणसासारखे वागवा म्हणून जतींद्रनाथ दास यांनी उपोषण केले आणि 63 दिवसांनी, 13 सप्टेंबर 1929 ला प्राण सोडला. 1930 मध्ये अ, ब आणि क असे वर्ग आले. पण कसोटी काय ठेवली? गुन्हा राजकीय आहे की नाही, ही नव्हेच. कैद्याचे शिक्षण, समाजातला दर्जा आणि राहणीची सवय. वकील, डॉक्टर, जमीनदार वरच्या वर्गात, त्यांच्याच हाकेला ओ देऊन आलेला शेतकरी क वर्गात. एकाच मोर्चात पकडलेल्या दोघांपैकी एकाला खाट आणि वर्तमानपत्र, दुसऱ्याला घोंगडी आणि दळण. दास ज्यासाठी मेले त्याच्या हे जवळजवळ उलट झाले, असे आमचे मत आहे. 1897 मध्ये टिळकांना जो दिवा मिळाला तो मेहेरबानीने मिळाला होता. 1930 पासून ती मेहेरबानी छापील नियम झाली, पण दिवा कुणाला मिळणार हे ठरवण्याची रीत तीच राहिली.

आपल्याकडे निजामाचे राज्य असल्यामुळे इंग्रजी मुलखातले हे नियम इथल्या कैद्यांना लागू नव्हते. 1938 च्या सत्याग्रहात स्वामी रामानंद तीर्थांसह जे तुरुंगात गेले, त्यांत मराठवाड्यातले आणि आपल्या बाजूचे साधे लोक पुष्कळ होते. राजुरा आणि किनवट 1956 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते, तेव्हा आपल्यापैकी काहींच्या घरी त्या दिवसांच्या गोष्टी निघत असतीलच. कुणाच्या आजोबांनी तुरुंगातल्या भाकरीबद्दल काही सांगितले असेल तर ते आम्हाला लिहून कळवावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यासाठी पाने राखून ठेवू.

हा लेख छपाईला देण्याआधी त्या मुलाला वाचायला दिला होता. त्याने एक सन चुकलेला दाखवला, तो दुरुस्त केला आहे. टिळकांबद्दल त्याने आणखी काही विचारले नाही. कुलकर्णी सुटल्यावर पुढे कुठे गेले, हे त्याला हवे आहे. स. वि. बापट यांनी जमवलेले टिळकांच्या आठवणींचे जुने खंड कुणाच्या माळ्यावर असतील तर उत्सव संपण्याच्या आत मंडळाच्या कपाटात आणून द्यावेत, वाचून जसेच्या तसे परत करू.